भिंतीवरची खिडकी

कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबाच्या दिवाणखान्यांत पाऊल टाकलें कीं त्या घराची अर्धी ओळख भिंतींवरूनच पटते. एका भिंतीवर वडीलधाऱ्यांचें छायाचित्र व त्याला चंदनाचा हार. दुसऱ्या भिंतीवर अंबाबाईची किंवा दत्तगुरूंची तसबीर. आणि उरलेल्या जागेंत एखाद्या सराफानें नाहीं तर पतपेढीनें भेट दिलेली दिनदर्शिका. पुस्तकांच्या कपाटांत काय असावें याचा आपण विचार करतों. पानांत चटणी कोठें वाढावी आणि कोशिंबीर कोठें, याचेंहि शास्त्र आपल्या घरांत पाळलें जातें. परंतु ज्या भिंतीकडे सकाळ-संध्याकाळ पाहावयाचें, तिच्यावर काय असावें हा प्रश्न मात्र आपण बहुधा भेटवस्तूंवर सोंपवून मोकळे होतों.

अलीकडे या बाबतींत थोडा पालट दिसूं लागला आहे. नवी जागा घेतली, रंग काढला, कीं "समोरच्या भिंतीवर एखादें चांगलें चित्र हवें" असें घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागतात. चौकटींत बसविलेल्या चित्रप्रती आतां घरबसल्या मागवितां येतात. आणि त्या पाहूं लागलें कीं एका विशिष्ट वर्गाचीं चित्रें डोळ्यांत भरतात. समुद्र गुलाबी, झाडाचें खोड तांबडें, नावेची डोलकाठी नारिंगी, आणि बाईच्या कपाळावरून नाकापर्यंत हिरवा पट्टा! सूनबाईंना तें चित्र मनापासून आवडतें. सासूबाई चष्मा सांवरून म्हणतात, "अग, हिच्या तोंडाला हिरवा रंग कशाला फासलाय?" आणि मामंजी वर्तमानपत्र खालीं न ठेवतां विचारतात, "किंमत काय म्हणालीस?"

तिघांचेहि प्रश्न रास्त आहेत. एक आवडीचा, दुसरा अर्थाचा व तिसरा पैशांचा. चित्र घरांत आणण्यापूर्वीं या तिन्हींचा विचार झाला तर तें चित्र दहा वर्षांनींहि भिंतीवर राहील. नाहीं तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावर जाईल.

छापील चित्रांची आपली परंपरा

छापील प्रत घेणें यांत कांहीं कमीपणा आहे, असें प्रथम कोणीं समजूं नये. महाराष्ट्रांतील मध्यम स्थितींतल्या घरांना चित्रांची गोडी लागली ती मुळीं छापील प्रतींमुळेंच. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकारानें पुण्यास चित्रशाळा निघाली, आणि रामपंचायतन, नाना फडणवीस अशीं चित्रें गांवोगांव पोंचलीं. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या काळीं एका चित्रासाठीं रंगागणिक निराळा दगड तयार करावा लागे, आणि प्रत्येक दगडाचा ठसा आधींच्या ठशावर तंतोतंत बसावा लागे. केसभर चूक झाली कीं लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर उतरे. अशा कष्टानें निघालेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींना आपल्या घरांतील स्त्रियांनीं जरीचीं वस्त्रें चिकटविलीं, टिकल्या लावल्या, मखमलीनें मढविलें. मूळ तैलचित्र संस्थानिकाच्या महालांत राहिलें. प्रत मात्र माजघरांत आली. इतकेंच नव्हे, तर ज्यांना देवळाच्या गाभाऱ्याजवळ जाऊं दिलें जात नसे, त्यांच्या घरीं देव गेला तो याच छापील कागदांतून. हें काम लहान म्हणतां येणार नाहीं.

या हिशेबाला दुसरीहि बाजू आहे. दोन-तीन पिढ्या तींच चित्रें पाहून आमच्या डोळ्यांना एक संवय जडली. चित्र म्हणजे खऱ्यासारखें, गुळगुळीत व गोड. कातडी कातडीसारखी आणि रेशीम रेशमासारखें. चित्र ओळखूं आलें म्हणजे कळलें, असा आमचा समज झाला. फ्रान्समधल्या ज्या चित्रांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांचें भांडण नेमकें याच समजुतीशीं होतें.

श्वापदांची खोली

१९०५ सालच्या उन्हाळ्यांत दोन चित्रकार भूमध्य समुद्राच्या कांठीं, स्पेनच्या सरहद्दीजवळच्या कोलिऊर या कोळ्यांच्या गांवीं राहिले होते. एकाचें नांव आँरी मातीस, वय पस्तीस. दुसऱ्याचें आंद्रे देरँ, वय पंचवीस. दक्षिणेकडचें तें ऊन इतकें प्रखर कीं सावल्यासुद्धां काळ्या न दिसतां निळ्या-जांभळ्या दिसाव्यात. व्हॅन गॉग व गोगँ यांचीं चित्रें त्यांनीं पाहिलीं होतीं; आदल्याच वर्षीं मातीसनें सिन्याक या चित्रकाराच्या सहवासांत शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीं शेजारीं ठेवण्याची रीत अभ्यासिली होती. कोलिऊरला त्या दोघांनीं एक पाऊल पुढें टाकलें. वस्तूचा जो रंग दिसतो तोच लावला पाहिजे, हें बंधनच त्यांनीं सोडून दिलें.

त्या वर्षींच्या शरदऋतूंत पॅरिसच्या ग्रां पाले या भव्य वास्तूंत भरलेल्या प्रदर्शनांत हीं चित्रें मांडलीं गेलीं. व्लामिंक, मार्के, मांगँ, कामवँ या मित्रांचीं चित्रेंहि त्यांच्यासवें होतीं. त्याच खोलींत जुन्या इटालियन वळणाचा एक सौम्य पुतळा ठेवलेला होता. लुई व्होसेल नांवाच्या समीक्षकानें लिहिलें कीं, हा तर श्वापदांच्या घोळक्यांत सांपडलेला दोनातेल्लो! फ्रेंचमध्यें श्वापदांना 'फोव्ह' म्हणतात. थट्टेनें चिकटलेलें तें नांवच त्या पंथाला कायमचें लागलें. आज आपण ज्याला फोव्हिझम म्हणतों तो हाच. त्याचें आयुष्य फार थोडें. १९०८ च्या सुमारास त्यांतील मंडळी आपापल्या वाटेनें निघून गेली होती.

सर्वांत अधिक हंसें झालें तें 'टोपी घातलेली स्त्री' या चित्राचें. ती स्त्री दुसरीतिसरी कोणी नसून मातीसची पत्नी आमेली. तिनें कांहीं काळ टोप्यांचें दुकान चालवून संसाराला हातभार लावला होता. नवऱ्याच्या चित्रापुढें लोक पोट धरून हंसत असतांना त्या बाईला काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या भगिनींनाच अधिक चांगली करतां येईल. कारण हंसूं चित्राला होतें आणि चेहरा तिचा होता. पॅरिसमध्यें येऊन राहिलेल्या स्टाइन नांवाच्या अमेरिकन भावंडांनीं तें चित्र ५०० फ्रँक देऊन घेतलें, आणि कर्जानें गांजलेल्या त्या घराला धीर आला. आज तें चित्र अमेरिकेंत सान फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आहे. त्याच प्रदर्शनांतील 'उघडी खिडकी, कोलिऊर' हें दुसरें चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. घरांत लावण्यास योग्य असें फोव्ह चित्र कोणतें, असें कोणी विचारलें तर मी प्रथम याच खिडकीचें नांव घेईन.

त्या चित्रांत आहे तरी काय? दोन्ही दारें सताड उघडलेली एक खिडकी. डावीकडची भिंत हिरव्या-निळ्या छटेची, उजवीकडची गुलाबी-किरमिजी. कठड्यावर फुलझाडांच्या कुंड्या, भोंवतीं वेलीची पानें. आणि पलीकडे गुलाबी पाण्यावर डुलणाऱ्या नावा. माणूस एकहि नाहीं. चित्र खिडकीचें, पण भिंतीवर लावलें कीं तेंच खिडकी होतें. अरुंद गल्लींतल्या किंवा समोर दुसऱ्या इमारतीचीच भिंत असलेल्या घराला याहून मोठा उपकार कोणता?

हिरव्या कपाळाचें कोडें

आतां सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. चेहऱ्यावर हिरवा रंग कां?

निळ्या कृष्णाला रोज हात जोडणाऱ्या आणि शेंदरी मारुतीला तेल वाहणाऱ्या आपल्यासारख्यांनीं हा प्रश्न विचारावा, हीच मौज आहे. कृष्णाचा रंग निळा कां, असें लहानपणापासून आपण विचारलें नाहीं. कारण तो रंग कातडीचा नसून भावाचा आहे, हें आपण न शिकतांच जाणतों. जुन्या बसोली किंवा माळवा शैलीच्या लघुचित्रांत आकाश तांबडें असतें आणि जमीन पिवळी असते. तेथेंहि कोणी तक्रार करीत नाहीं. मातीसलाहि पुढें पूर्वेकडील कलेचा ध्यास लागला. १९१० सालीं म्यूनिकला भरलेलें इस्लामी कलेचें प्रदर्शन पाहावयास तो मुद्दाम गेला होता. जें पॅरिसला रानटी वाटलें तें आपल्या देवघराला कांहीं अगदींच परकें नाहीं.

दुसरें कारण निवळ दृष्टीचें आहे. जुने चित्रकार उजेडाची बाजू फिकी व सावलीची बाजू काळपट रंगवीत. फोव्हांनीं काळपटपणाच टाकून दिला. उजेडाच्या ठिकाणीं पिवळा-गुलाबी लावावा आणि सावलीच्या ठिकाणीं त्याच्या विरोधी हिरवा, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो आणि रंग एकहि मळत नाहीं. विरोधी रंग शेजारीं ठेवले कीं एकमेकांना उजळतात, हा नियम समजावून घेण्यासाठीं पॅरिसला जाण्याची गरज नाहीं. हिरव्या इरकलीला तांबडा कांठ कां खुलतो, हें आपल्या आजीला ठाऊक होतें. केळीच्या हिरव्यागार पानावर गाजराची कोशिंबीर, पिवळें वरण व पांढरा भात मांडणाऱ्या गृहिणीला हें शास्त्र हातानें येतें. तिला शब्द ठाऊक नसतील, पण रंगाची पारख तिची आहे.

कोल्हापूरकरांना तर उजेडाचें हें नाट्य अधिकच ओळखीचें. जानेवारीच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या पूर्वार्धांत अंबाबाईच्या देवळांत किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारांतून आंत येतात, प्रथम देवीच्या चरणांवर पडतात आणि मग वर सरकतात. काळ्या पाषाणाची ती मूर्ति घटकाभर सोन्याची भासते. त्या वेळीं गर्दींतला कोणी "मूर्ति मुळांत काळी आहे, हें खोटें आहे" असें म्हणत नाहीं. उजेडानें जो रंग दिला तोच त्या क्षणाचा खरा रंग, हें सर्वांना मान्य असतें. कोलिऊरच्या खिडकींत मातीसनें याहून निराळें कांहीं केलेलें नाहीं.

याच गांवांत कोटितीर्थ तलावाच्या कांठीं आबालाल रहिमान राहत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं नांव कमाविलें. पण शहराच्या मानमरातबाला पाठ फिरवून ते कोल्हापुरास परतले, आणि राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें रंकाळ्याचें, कोटितीर्थाचें, पंचगंगेच्या परिसराचें बदलतें ऊन रंगवीत राहिले. १९२२ सालीं महाराज गेले, तेव्हां दुःखावेगांत त्यांनीं आपलीं पुष्कळशीं चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं असें सांगतात. १९३१ सालीं ते स्वतःहि गेले. जीं थोडीं चित्रें उरलीं त्यांतील कांहीं टाउन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. या कथेंत छापील प्रतीची खरी महती आहे. तळ्यांत गेलेल्या एखाद्या चित्राची साधी प्रत जरी कोणाच्या भिंतीवर राहिली असती, तरी आज आपण तिला किती जपलें असतें!

प्रत कशी पारखावी

आतां मामंजींच्या प्रश्नाची पाळी. चित्रप्रतीचा बाजार मोठा आहे, आणि त्यांत फसवणुकीला वावहि आहे. भाजी घेतांना आपण देंठ मोडून पाहतों, लुगडें घेतांना पदर उलगडतों. तशीच येथेंहि कांहीं परीक्षा केली पाहिजे.

पहिली परीक्षा प्रमाणाची. 'उघडी खिडकी' चें मूळ माप ५५.३ सेंटिमीटर उंच व ४६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ २२ इंच व १८ इंच असें आहे. उंचीला रुंदीनें भागलें कीं १.२ येतात. विकणारा जर १८ इंच उंच व १२ इंच रुंद अशी प्रत देत असेल, तर भागाकार १.५ होतो. याचा अर्थ बाजू कापल्या आहेत किंवा चित्र ताणलें आहे. कोणत्याहि चित्राचें मूळ माप संग्रहालयाच्या नोंदींत मिळतें. तें पाहून हा भागाकार आधीं करावा. एकच चित्र तीन फळ्यांवर तुकडे करून विकण्याचीहि चाल पडली आहे. तिच्या वाटेस जाऊं नये. पोथीचीं पानें तीन ठिकाणीं टांगून कोणी पारायण करीत नाहीं.

दुसरी परीक्षा आकाराची. मूळ चित्र दीड-दोन फुटांचें असतां त्याची चार फुटी प्रत काढली, तर कुंचल्याचा प्रत्येक फटकारा सुजल्यासारखा दिसतो. फोव्ह चित्रें बहुधा बेताच्या आकाराचीं आहेत. त्यामुळें तीं मूळ मापांतच आपल्या भिंतीवर मावतात. हें भाग्य सर्वच चित्रांचें नसतें.

तिसरी परीक्षा रंगाची, आणि या चित्रांपुरती तीच सर्वांत कठीण. साधी छपाई चार शायांनीं होते: निळसर, किरमिजी, पिवळी व काळी. पुस्तकांना ती पुरते. पण फोव्हांचा तळपता नारिंगी आणि पाचूसारखा हिरवा त्या चार शायांच्या आवांक्याबाहेर राहतो. छापून आला कीं तो विटकरी व शेवाळी होतो. भिंगानें पाहिलें असतां अशा छपाईंत ठिपक्यांचीं लहान लहान फुलें दिसतात. याउलट आठ-दहा किंवा अधिक शायांनीं सूक्ष्म तुषार उडवून छापण्याची रीत आहे. १९९१ पासून तिला 'झिक्ले' असें फ्रेंच नांव पडलें. त्यांतहि शाई रंगद्रव्याची आहे कीं विरघळणाऱ्या रंगाची, हें विचारून घ्यावें. रंगद्रव्याची शाई पुष्कळ अधिक टिकते. पडद्यावर दिसणारा रंग कागदावर तसाच येत नाहीं, म्हणून शक्य तर छोटा नमुना आधीं पाहावा.

चौथी परीक्षा कागदाची. वर्तमानपत्राचा कागद उन्हांत पिवळा पडतो, कारण त्याचा लाकडी लगदा आम्लयुक्त असतो. सुती चिंध्यांपासून केलेला आम्लरहित जाड कागद वर्षानुवर्षें पांढरा राहतो. फोव्ह चित्रांना या पांढरेपणाची विशेष गरज आहे. कारण त्यांत रंगाच्या फटकाऱ्यांमधून मूळ पांढरी पार्श्वभूमि ठिकठिकाणीं मोकळी सोडलेली असते, आणि चित्राचा श्वास तेथूनच चालतो. कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक लुकणाचे खोटे फटकारे मारलेली प्रत घेऊं नये. प्रत म्हणून जी लाजत नाहीं तीच प्रामाणिक.

पांचवी परीक्षा शब्दांची. 'मर्यादित आवृत्ति', 'दुर्मिळ', 'प्रमाणपत्रासह' असे शब्द किंमत चढवितात. मातीस व देरँ हे दोघेहि १९५४ सालीं वारले. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षें हक्क राहतो. तेव्हां भारतांत या दोघांच्या चित्रांवरील हक्क २०१४ अखेर संपला. त्यांचीं चित्रें आतां कोणासहि छापतां येतात. चित्रकाराचा हात न लागलेल्या प्रतीवर कोणीं १ ते १०० आंकडे घातले, म्हणून तिला मूळ चित्राचें मोल येत नाहीं. आपण पैसे मोजतों ते कागदाचे, शाईचे, कौशल्याचे व चौकटीचे. त्यापलीकडचा प्रत्येक रुपया शब्दांचा असतो.

चौकट, काच आणि कोल्हापूरचा पाऊस

पुष्कळदां चौकटीचा खर्च प्रतीहून अधिक येतो, आणि काटकसर मात्र नेमकी तेथेंच नको त्या जागीं होते. सोनेरी नक्षीची जड चौकट या चित्रांना शोभत नाहीं. रंग आधींच बोलके असल्यावर चौकटीनें गप्प राहावें. साधी सागवानी किंवा पांढरी पट्टी पुरे. चित्र व काच यांच्यामध्यें जाड पुठ्ठ्याचा माउंट अवश्य असावा, आणि तोहि आम्लरहित. चित्राभोंवतीं मोकळी जागा राहावी हा त्याचा एक उपयोग. पण त्याहून मोठा उपयोग हा कीं काच कागदाला चिकटत नाहीं.

आपल्याकडील पावसाळा लक्षांत घेतला पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात. काचेला टेकलेल्या कागदावर दमट हवेनें डाग उठतात, बुरशी येते, आणि एकदां चिकटलेला कागद सोडवितांना रंगासकट निघतो. मागें स्वस्त हार्डबोर्ड थेट लावला तर त्यांतील आम्ल कागदांत उतरतें. मध्यें आम्लरहित पुठ्ठा घालावा. मागची बाजू कागदी पट्टीनें बंद करावी, म्हणजे कसर शिरत नाहीं. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे लहान तुकडे लावावे. भिंत व चौकट यांमधून हवा खेळती राहते. चित्र पुठ्ठ्यावर सबंध चिकटवूं देऊं नये. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीनें लावाव्या, म्हणजे पुढेंमागें चित्र सुखरूप सोडवितां येतें.

ऊन हा दुसरा शत्रु. किरणोत्सव देवीला शोभतो, चित्राला नव्हे. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेल्या प्रतीचा किरमिजी रंग कांहीं वर्षांत फिका पडूं लागतो. अतिनील किरण अडविणारी काच मिळते, ती परवडली तर घ्यावी. नाहीं तर जागा तरी विचारपूर्वक निवडावी. स्वयंपाकघराची वाफ, देवघरांतील धूप व स्नानघराशेजारची ओली भिंत यांपासूनहि चित्र दूर असावें.

उंचीचीहि एक गोष्ट आहे. आपल्या घरांत चित्रें दाराच्या चौकटीवर, पूर्वजांच्या रांगेंत टांगण्याची रीत पडली आहे. पूर्वजांकडे मान वर करून पाहणें योग्यच. पण चित्राशीं बोलावयाचें तर तें डोळ्यांसमोर पाहिजे. ज्या खोलींत मंडळी बहुधा बसलेली असतात, तेथें तें हातभर खालीं घ्यावें. घरांतल्या लहान मुलालाहि त्यांतल्या नावा मोजतां आल्या पाहिजेत.

परक्याचें कां?

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ज्या गांवाला लोक कलापूर म्हणतात, त्या गांवांत फ्रान्सच्या चित्राची प्रत कशाला? आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं याच मातींत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. बाबूरावांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. नटवर्य चंद्रकांत मांडरे यांचीं निसर्गचित्रें राजारामपुरींतील त्यांच्या नांवाच्या संग्रहालयांत आहेत. दळवीज् आर्ट्स व कलानिकेतन या संस्थांतून विद्यार्थी शिकून बाहेर पडत आले आहेत. मग पैसे परगांवीं कां धाडावेत?

हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यानें निष्कर्ष निघतो तो प्रत न घेण्याचा नव्हे, तर प्रतीवरच न थांबण्याचा. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं उभारलेल्या संग्रहालयांत आपल्याकडील चित्रकारांच्या अस्सल कृती आहेत, तशाच पाश्चात्त्य कलाकृतींच्या नकलाहि आहेत. स्वतः चित्रकार असलेल्या त्या राजाला नकलेची लाज वाटली नाहीं. कारण दूरची विद्या घरीं आणण्याचा तोच एक मार्ग होता. शेक्सपिअर आपण भाषांतरांतून वाचला म्हणून देवल-गडकरी आपणांस कमी आवडले नाहींत. मूळ चित्र वॉशिंग्टनला आहे आणि आपल्याला तेथें जाणें होईलच असें नाहीं. भाषांतर मूळ नव्हे हें ज्याला ठाऊक आहे, त्याला भाषांतरापासून अपाय होत नाहीं.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. चौकटीच्या पाठीमागें एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर चित्रकाराचें नांव, चित्राचें नांव व साल, मूळ माप, मूळ चित्र कोठें आहे तें, आणि 'ही छापील प्रत आहे' हें स्वच्छ अक्षरांत लिहावें. उद्यां नातवंडांनीं तें चित्र उतरविलें, तर त्यांची दिशाभूल होणार नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, समोरच्या भिंतीवर तितकीच जागा रिकामी ठेवावी. टाउन हॉलच्या बागेंत 'रंगबहार'ची मैफल भरते, शाहू स्मारक भवनांत प्रदर्शनें होतात. तेथें घरच्या सर्वांनीं मिळून जावें, आणि एखाद्या तरुण चित्रकाराचें रंकाळ्याचें किंवा पन्हाळ्याचें लहानसें अस्सल जलरंगचित्र निवडावें. त्यावर हात लागलेला असतो, कागदावर पाण्याचा ओघळ दिसतो. ज्या डोळ्यांनीं वर्षभर मातीसची खिडकी पाहिली आहे, ते डोळे त्या जलरंगांत निळी सावली शोधतील. आणि ती सांपडली तर घासाघीस न करतां किंमत देतील. स्टाइन भावंडांनीं मोजलेल्या पैशांनीं एका चित्रकाराचें घर सांवरलें. तसें करण्याची संधि आपल्या गांवांत, आपल्या ऐपतींत, आपल्यालाहि आहे.

मातीसनें पुढें १९०८ सालीं लिहिलें कीं, थकल्याभागल्या माणसाला चांगल्या आरामखुर्चींत बसल्यावर जें सुख मिळतें, तें आपल्या चित्रानें मनाला द्यावें. ज्याला लोकांनीं श्वापद म्हटलें, त्याची एवढीच महत्त्वाकांक्षा होती. दिवसभराचें काम आटोपून, दिवेलागणीच्या वेळीं सासूबाई, सूनबाई व मामंजी समोरासमोर बसलीं असतां, त्या गुलाबी पाण्यावरील नावांकडे क्षणभर तिघांचीहि दृष्टि गेली, आणि "तो तांबडा रंग तिथं नसता तर?" असा प्रश्न कोणीं तरी सहज विचारला, तर त्या भिंतीवर केलेला खर्च कारणीं लागला असें खुशाल समजावें.